एकमताने दोन टक्के

“घरीच आहे ना ती सध्या? इंग्लिश मीडियमची आहे. तिलाच द्या की.”

ती म्हणजे मी, आणि मी तिथेच होते. आमच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उकिडवी बसून फ्रेमचे डबे लावत होते. वर काचेवर हात टेकून आमच्या गल्लीतल्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष उभे होते. खालून मला त्यांचे फक्त तळवे आणि तीन अंगठ्या दिसत होत्या.

“विचारतो तिला,” बाबा म्हणाले.

“विचारायचं काय त्यात? एवढी फी भरलीत शाळेची. आता वसूल करा.”

खरं तर तेव्हाच उठून उभं राहायला हवं होतं. पण मी उठले तर तिघांनाही अवघडल्यासारखं होईल, म्हणून तशीच बसून राहिले. अध्यक्ष जाईपर्यंत पायाला मुंग्या आल्या आणि काम माझ्या गळ्यात पडलेलं होतं.

बाणेरच्या कंपनीतली माझी नोकरी तीन महिन्यांपूर्वी गेली होती. कर्वेनगरला घरी बसून आईच्या प्रश्नांना उत्तरं देण्यापेक्षा सदाशिव पेठेत बाबांच्या दुकानात बसणं मला बरं वाटे. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक आरशात स्वतःकडेच बघत असतं. विकणारीकडे कोणाचं लक्ष नसतं. मला ती जागा सोयीची होती. आमच्या शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड होता, आणि पेठेत इंग्रजी बोललं की लोक हसायचे. दोन्हीकडे बोलण्याला काही ना काही आकार पडायचाच. मी लवकरच काटकसर शिकले.

आता काम काय होतं ते सांगते. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्डावर हजार रुपयांचा चष्मा घेतला की आमच्या खात्यात पुरते हजार येत नाहीत. मधल्या मधे बँक आणि कार्डाची कंपनी आपापला वाटा काढून घेतात. सगळं धरून आमच्या गल्लीत तो दोन टक्क्यांच्या आसपास जायचा. हा दर कोणी ठरवला, कमी होईल का, हे विचारायला कुठे खिडकी नाही. मशीन बसवायला आलेल्या माणसाला बाबांनी विचारून पाहिलं होतं. तो म्हणाला, “काका, सगळीकडे हेच आहे.” बाबा म्हणाले, “तेच विचारतोय, सगळीकडे हेच का आहे?” त्यावर तो पावतीचा कागद कसा बदलायचा ते दाखवायला लागला.

म्हणजे तक्रार खरी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून ती खोटी होती असं वाटेल.

अध्यक्षांचं भांड्यांचं दुकान. त्यांना कोणीतरी फोनवर एक बातमी पाठवली होती. परदेशात दुकानदारांनी एकजूट करून कार्ड कंपन्यांना कोर्टात खेचलं, वर्षानुवर्षं लढले आणि कंपन्यांना नमतं घ्यायला लावलं, अशी. त्या बातमीत त्यांना ‘कार्टेल’ हा शब्द सापडला. कंपन्यांनी संगनमत करून एकच दर ठरवायचा आणि कोणाला दुसरा रस्ताच ठेवायचा नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हापासून अध्यक्ष हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरू लागले. पातेल्याचा भाव जास्त वाटून कोणी पाठ फिरवली तरी ते म्हणत, “जा, तिकडे कार्टेलवाल्यांकडे जा!” गिऱ्हाईक बिचारं खरंच पत्ता विचारायचं.

अशा संगनमताची चौकशी करणारा एक आयोग दिल्लीत आहे, असं अध्यक्षांच्या वकील भाच्याने सांगितलं. मंडळातर्फे तिथे अर्ज करायचं ठरलं. मात्र मजकूर आणि जोडायची कागदपत्रं इंग्रजीत हवी होती. भाषांतराचे पानामागे वेगळे पैसे पडतील, असं भाचा म्हणाला आणि अध्यक्ष उठून थेट आमच्या दुकानात आले. भाचा स्वतःची फी कार्डावर घेत नाही, हे मला नंतर कळलं.

बाबा मंडळाचे चिटणीस. बैठकीत कोण काय बोललं, काय ठरलं, याचं इतिवृत्त ते लिहीत. त्यांचं अक्षर फार सुंदर आहे, आणि त्या अक्षरात त्यांनी गेल्या वीस वर्षांतला गल्लीचा प्रत्येक क्षुद्रपणा लिहून ठेवला आहे. दुकानासमोर स्कूटर कोणी लावली, गणपतीच्या वर्गणीत कोणी हात आखडता घेतला, सगळं. मी मराठी वाचायला शिकले ती पाठ्यपुस्तकांपेक्षा त्या वह्यांवर. त्यामुळे लहानपणी माझी अशी समजूत होती की मराठी ही मुख्यतः हरकत घेण्याची भाषा आहे.

अर्जाचा मजकूर अध्यक्षांनी तोंडी सांगितला होता आणि बाबांनी उतरवला होता. भाषांतर सोपं गेलं. ‘सर्व कंपन्या मिळून दर ठरवतात. दुकानदारास पर्याय उरत नाही. जो त्यांच्या अटी मानत नाही त्याचे मशीन काढून नेले जाते व त्याचे गिऱ्हाईक तुटते.’ इंग्रजीत हे वाचताना मलाही त्या कंपन्यांचा राग आला. चौथ्या दिवशी मी जोडायच्या कागदांकडे वळले. भाच्याने निरोप पाठवला होता, ‘मंडळाची एकजूट दिसेल असं काहीतरी लावा.’ अध्यक्षांनी त्यासाठी जूनच्या बैठकीचं इतिवृत्त निवडलं होतं, कारण त्यातला प्रत्येक ठराव ‘एकमताने मंजूर’ होता.

ठराव क्रमांक एक: कार्डावर दोन टक्के जादा आकारावेत. ठराव क्रमांक दोन: तशी पाटी सर्वांनी लावावी. पाटीचा मजकूर ठरवायला तीन बैठका लागल्या होत्या. शेवटी ठरला तो असा: ‘कार्डाने पैसे देणाऱ्यास दोन टक्के जादा पडतील. कारण विचारू नये. आम्हालाही सांगितलेले नाही.’ असे जादा पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नाहीत, असं मशीनच्या करारात लिहिलं होतं. पण करार इंग्रजीत होता, त्यामुळे तो कोणावर बंधनकारक आहे असं गल्लीत कोणाला वाटत नसे.

ठराव क्रमांक तीन वाचून मी पेन खाली ठेवलं.

तो ठराव काकूंबद्दल होता. आमच्या दुकानाच्या मागे, बोळातून आत गेलं की त्यांचं दुकान लागतं. बटणं, लेस, फॉल, अस्तर, चेन. नात्याने त्या माझ्या कोणी नाहीत, आणि प्रेमळ तर अजिबात नाहीत. लेसच्या रिळाला कोणी हात लावला की “हात धुतलेत?” असं विचारतात. मला त्या “ए इंग्लिश” अशी हाक मारतात. त्यांच्याकडे कार्ड चालतं, पण दोन टक्के त्या घेत नाहीत. त्यामागे काही तत्त्व वगैरे नाही.

“दीडशे रुपयांच्या लेसवर तीन रुपये मागू?” त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. “मग ती मुलगी विचारणार, कशाचे? मग मी सांगणार. मग ती फोनवर मैत्रिणीला विचारणार. तेवढ्यात माझे दोन साड्यांचे फॉल विकून होतात. मला नाही बाई वेळ.”

कर्वेनगरच्या कॉलेजांतल्या, कपडे शिवायचा कोर्स करणाऱ्या मुली त्यांच्याकडे येत आणि पुढे आमच्याकडे, नाहीतर घड्याळांच्या दुकानात जाऊन म्हणत, “मागच्या काकू तर नाही घेत जादा.” हे मंडळाला झोंबलं. म्हणून ठराव. जूनच्या त्या बैठकीला काकू नव्हत्या. भाचीचं केळवण होतं. त्यामुळे एकमत व्हायला काही अडचण आली नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक लोखंडी फलक आहे. त्यावर बारा दुकानांची नावं, बारा पट्ट्यांवर. सगळ्यात खालची पट्टी काकूंची. बाकीच्यांची दुकानं रस्त्यावरून दिसतात, त्यांना फलक केवळ शोभेचा. काकूंचं दुकान दिसतच नाही. मागच्या पावसाळ्यात त्यांची पट्टी निखळून पडली होती, ती बसवेपर्यंत आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत किमान चार बायकांनी आमच्याकडे येऊन विचारलं होतं, “त्या बटणवाल्या बाई गेल्या का हो?” गेल्या म्हणजे दुकान सोडून, असं मी समजून घेतलं. काकू आत बसून रेडिओ ऐकत होत्या. नवव्या दिवशी पट्टी लागली आणि रेडिओ बंद झाला.

ठराव क्रमांक तीन म्हणत होता की ती पट्टी रंगवून कोरी करावी.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मी बाबांना विचारलं. बाबांशी मी बोलते.

“हे इतिवृत्त अर्जाला जोडायचंय?”

“अध्यक्षांनी सांगितलंय.”

“बाबा, अर्जात लिहिलंय की कंपन्या मिळून दर ठरवतात आणि जो ऐकत नाही त्याचं गिऱ्हाईक तोडतात. आणि पुरावा म्हणून आपण हे लावतोय.”

बाबांनी शटरची कडी लावली, कुलूप ओढून पाहिलं, परत एकदा ओढून पाहिलं. “तू भाषांतर कर. अर्थ काढायचं काम भाच्याचं.”

“काकूंना कळवलंय?”

“पत्र लिहून ठेवलंय.” ते ड्रॉवरमध्ये होतं. तीन आठवडे. मी पाहिलं होतं.

“तुमचं मत काय होतं त्या दिवशी?”

“मी इतिवृत्त लिहीत होतो,” बाबा म्हणाले. खोटं नव्हतं ते. वीस वर्षं ते इतिवृत्त लिहीत होते आणि वीस वर्षांत त्यांना मत द्यायला हात मोकळा मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना सांगायचं ठरवलं. बोळातून आत गेले. त्या जिन्याच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात रंग जुळवून बघत होत्या.

“काय गं इंग्लिश, काय हवंय?”

वाक्य तयार होतं. दोन भाषांत तयार होतं. मी म्हणाले, “बटणं.”

“कसली?”

“कसलीही.”

“कसलीही बटणं मी विकत नाही,” काकू म्हणाल्या आणि माझ्या कुर्त्याकडे बघून सहा बटणं काढून दिली. त्या कुर्त्याला पाचच लागतात. मी सहा बटणं घेऊन परत आले. ती अजून माझ्याकडे आहेत.

रविवारी सकाळी अर्ज वाचून मंजूर करायची बैठक होती. रंगारी सोमवारी येणार होता. हे मला घड्याळवाल्यांकडून कळलं. ते आमच्या काउंटरवर येऊन बाबांना म्हणाले होते, “रंगाऱ्याला म्हटलं, एकच पट्टी आहे, पैसे कमी कर. तर म्हणतो, सगळ्या पेठेत हाच दर आहे. कमाल आहे लोकांची!”

बैठक भांड्यांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर भरायची. चारी बाजूंनी कुकर, कढया, पिंप, आणि मधे प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथे कोणी खोकलं तरी एखादं झाकण वाजतं. त्या दिवशी काकूही आल्या होत्या. चहा अध्यक्षांतर्फे असला की त्या येतातच, असं त्या स्वतःच सांगतात. त्या मागे एका पिंपाला टेकून बसल्या. बाबा वही उघडून अध्यक्षांशेजारी.

“आधी इंग्रजीत वाच,” अध्यक्ष म्हणाले. “वजन पडतं.”

मी वाचलं. माझा आवाज लहान आहे, पण त्या भांड्यांनी तो वाढवला. दोन पानं सगळे कीर्तनाला बसल्यासारखे माना डोलवत होते. घड्याळवाले डोळे मिटून ऐकत होते आणि मधून मधून “वा” म्हणत होते. मी एकदा फक्त पान उलटायला थांबले, तेव्हाही ते “वा” म्हणाले.

“आता मराठीत सांग. यांना कळू दे तिकडे काय चाललंय ते.”

अर्जाची मराठी प्रत बाबांच्या वहीत होती. मी मागितली नाही. हातातल्या इंग्रजीवरूनच जमेल तसं मराठीत सांगायला लागले. सगळ्या कंपन्या मिळून दर ठरवतात. दुकानदाराला पर्याय नाही. अटी मानल्या नाहीत तर मशीन काढून नेतात.

“चोर!” कोणीतरी म्हणालं. एक झाकण वाजलं.

मग मी पान उलटलं. पुढच्या पानावर वर ‘परिशिष्ट’ असं लिहिलं होतं, त्याखाली मंडळाचं नाव आणि बैठकीची तारीख. त्या तिन्ही ओळी मी वाचल्या नाहीत. लाजून राहून गेल्या, असं मी नंतर आईला सांगितलं. राहून गेल्या नव्हत्या. मी गाळल्या.

“सर्वांनी एकच दर लावायचा,” मी पुढे सांगितलं. “कोणीही त्यापेक्षा कमी घ्यायचं नाही.”

“बघा! लिहूनच ठेवलंय!” अध्यक्ष म्हणाले.

“एक जण कमी घेतो म्हणून बाकीच्यांना गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा अशा व्यक्तीला समज द्यायची.”

“समज देणारे हे कोण लागून गेले?” अध्यक्षांचा आवाज चढला. “धंदा आमचा, गिऱ्हाईक आमचं. आम्ही घेऊ नाहीतर सोडू!”

मी वर पाहिलं नाही. तरी बाबांचं पेन थांबलेलं मला दिसलं. पहिल्याच वाक्याला त्यांनी ओळखलं असणार. स्वतःचं वाक्य त्यांना कुठल्याही भाषेतून ओळखता येतं. ते मला थांबवू शकले असते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि हात मांडीवर ठेवले.

“समज देऊनही ऐकलं नाही,” मी म्हणाले, “तर त्या व्यक्तीचं नाव काढून टाकायचं. ज्याला जादा पैसे घ्यायचे नाहीत, त्याला गिऱ्हाइकाची गरज नाही असं धरून चालायचं.”

“काय माज आहे!” घड्याळवाले खुर्चीतून अर्धे उठले. “काय माज आहे हो! गिऱ्हाइकाची गरज नाही म्हणे! हे असलं वाक्य ज्याच्या डोक्यातून निघालं ना, त्याला पेठेत आणून उभा करा एकदा!”

जूनच्या बैठकीत हे वाक्य त्यांचंच होतं. बाबांनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं होतं, सूचक म्हणून त्यांचं नाव घालून. इंग्रजीत जाऊन परत आल्यावर ते त्यांना परकं वाटलं, एवढंच. इतरांनीही माना हलवल्या. कोणीतरी कंपन्यांच्या साहेबांना तुरुंगात नुसत्या वरणभातावर ठेवायला हवं, असं म्हणालं. सगळा पोटमाळा काकूंच्या बाजूने उभा होता आणि हे तिथे फक्त तिघांना माहीत होतं.

तिघांना, कारण मागे पिंपाला टेकलेल्या काकूंनी चहाचा कप खाली ठेवला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, आमच्याच दुकानातल्या चष्म्यातून, काचेवरून नव्हे, काचेतून. त्यांना अजून सगळं कळलं नसेल, पण जादा पैसे न घेणारी व्यक्ती गल्लीत एकच होती.

“कुठल्या कंपनीचं आहे हे पत्र?” अध्यक्षांनी हात पुढे केला. “नाव घे तिचं. घाबरू नकोस, मंडळ आहे पाठीशी. अर्ज राहू दे, आधी यांना नोटीस. नाव काय कंपनीचं?”

मी कागद त्यांच्या हातात दिला नाही. दहा रुपये दंडाची शाळा आठवली, काउंटरमागे पायाला आलेल्या मुंग्या आठवल्या, ती सहा बटणं आठवली. मग मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांनी मान हलवून ‘नको’ म्हटलं नाही.

“कंपनीचं नाही, काका,” मी म्हणाले. “जूनची बैठक, ठराव क्रमांक तीन. अक्षर बाबांचं आहे, सही तुमची आहे, आणि नाव मागे बसलेल्या काकूंचं जाणार आहे. उद्या रंगाऱ्याला येऊ नको म्हणून सांगा.”